कट म्हटल्यानंतर

प्रिय कानसेन,

पत्र बघून दचकू नकोस. एकमेकांना लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं, आणि तू गाव सोडून त्या स्टुडिओत नोकरीला गेल्यापासून मी ते पाळलंही. पण टेलरच्या दुकानाची गोष्ट आपण दोघांनी मिळून लिहिली होती. तिच्या शूटिंगचा पहिला दिवस कसा गेला, हे तुला कळवायला हवं. तसा दिवस छान गेला, फक्त हाती काही लागलं नाही. आणि हा सिनेमा झाला नाही तर माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष पाण्यात जाणार आहे.

टेलरकाकांनी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुकान दिलं. अट एकच, मोठ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. बाईच्या भूमिकेला माझी मावशी. ती बँकेत कॅशियर आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी स्टेजवर चढलेली नाही, पण भाचीसाठी रजा टाकून आली. टेलर म्हणून खुद्द टेलरकाकाच. कॅमेऱ्यावर आपला लंबू, आणि साउंडला तुझ्या जागी माझी रूममेट. तिला बूमची, म्हणजे माइक लावलेली लांब काठी धरता येते, पण ती धरून उभं राहायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. सगळा सीन तू लिहिलास तसाच ठेवला. गेलेल्या नवऱ्याची पँट मुलाच्या मापाला करून घ्यायला बाई येते, मोठ्या आरशापुढे ती पँट स्वतःलाच लावून बघते, आणि मग तिला काकांच्या हातात देववत नाही.

त्या आरशाने आम्हाला जेरीस आणलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा त्यात दिसायला लागला, म्हणून लंबूने त्यावर काळी टेप चिकटवली. फ्रेम मोकळी दिसावी म्हणून स्क्रीनवरच्या रेकॉर्डिंगच्या खुणाही बंद केल्या. मी आरशात येत होते, तेव्हा मी ट्रायल रूमच्या पडद्याआड उभी राहून रोल आणि ॲक्शन म्हणायचं आणि कट म्हणून बाहेर यायचं, असं ठरलं. पहिल्याच टेकला मावशीने पँटची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि ती नुसती उभी राहिली. काका मापाची टेप हातात घेऊन तिच्या मागे थांबले. पडद्याच्या फटीतून बघताना मला गलबलून आलं. तरी मी तो टेक परत घेतला, मग आणखी परत. संध्याकाळी मावशीचे पाय सुजले होते, पण सगळे खुशीत होते.

रूमवर येऊन फुटेज लावलं. पहिल्या फाइलमध्ये मावशी केसातली पिन नीट करतेय आणि कुणीतरी पाणी द्या रे म्हणतेय. मग माझा आवाज येतो, रोल, आणि चित्र संपतं. पुढची फाइल सुरू होते ती माझ्या कटपासून. तिच्या पुढचीही तशीच. झालं असं, की सकाळी लंबूने तपासायला म्हणून बटण दाबलं आणि ते बंद करायचं राहून गेलं. पुढे दिवसभर रोल म्हटलं की तो कॅमेरा बंद करत होता आणि कट म्हटलं की चालू. दिव्यावर टेप, स्क्रीन मोकळी, कळणार कसं? बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. रूममेट आधी खो खो हसली आणि मग रडायलाच लागली. मी लेन्स पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी एकटीनेच सगळं परत बघितलं, एखादा तुकडा तरी कामाचा निघतो का म्हणून. प्रत्येक फाइलमध्ये एकच होतं. आरशात पडदा सरकतो आणि मी बाहेर येते. मी मावशीकडे बघत नाही, लंबूकडेही नाही. मी इस्त्रीच्या टेबलापाशी बघते. तिथे रूममेट वायरशी झटापट करत असते, आणि माझी नजर तिच्या डोक्याच्या बरीच वर लागलेली असते, जिथे तुझं तोंड असायचं. कॉलेजातल्या आपल्या आधीच्या सगळ्या फिल्म्सना कट म्हटलं की तू हेडफोन एका कानावरून सरकवून मान हलवायचास, हो किंवा नाही, आणि मगच मी तोंड उघडायचे. आता मी थांबते, मान कुणी हलवत नाही, मग म्हणते, परत घेऊ. मावशीचा पहिला टेक बहुतेक चांगलाच झाला होता. जाताना तू म्हणालास, तुला फक्त फ्रेम दिसते, तिच्या बाहेर उभं असलेलं माणूस दिसत नाही. मला ते पटलं होतं, चारचौघांत मी ते गमतीने सांगतही होते. आता ते खोटं असल्याचा दिवसभराचा पुरावा हातात आहे, आणि फोकस अगदी चोख आहे, ते श्रेय लंबूचं.

काकांनी येत्या सुट्टीला दुकान द्यायचं कबूल केलंय, पण हे शेवटचं. मावशी पुन्हा रजा टाकतेय. रूममेटला काठीपासून सुटका मिळाली तर ती तुझे पाय धरेल. मला तुझी आठवण येते, आणि ती नुसती कामापुरती नाही. पण आत्ता मागतेय ते एवढंच, की एक दिवस येऊन त्या टेबलापाशी उभा राहा. आणि यायचं नसेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे कट म्हटल्यावर तिकडे बघायचं नाही, ही सवय मला आतापासूनच लावून घेता येईल.

तुझीच,
(सवयीने लिहिलं गेलं, पण खोडत नाही.)