हे म्हशी सोडायला गेले

प्रिय अक्का,
छायाचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. सीमेवरचं आमचं गाव रिकामं केल्यापासून सासूबाई आणि मी शाळेतल्या छावणीत राहतो. दोन वेळचं जेवण मिळतं. आईचे गुडघे कसे आहेत? पाचोऱ्यात ऊन फार असेल, तिला बाहेर पडू देऊ नकोस.

फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. हे गेले, अक्का. म्हशी गोठ्यात बांधलेल्याच राहिल्या होत्या. मंगळवारी सकाळी "सोडून लगेच येतो" म्हणून गावात गेले, आणि तोफगोळे पडायला लागले. म्हशी दूर शेतात चरताना सापडल्या. हे गोठ्याच्या दारात.

इतक्या लांब, पंजाबी बोलणाऱ्या घरी दिलंत म्हणून मी तुझ्यावर किती चिडले होते! वर्षभर यांच्याशी धड बोलले नाही. हे कधी रागावले नाहीत. माझं आईशी फोनवरचं बोलणं ऐकून ऐकून एक दिवस यांनी मला आपल्या अहिराणीत विचारलं, "जेवनी का?" मी हसले, मग रडले. आमचा संसार खरा तिथून सुरू झाला. जेमतेम दोन वर्षं मिळाली.

आईला एवढ्यात सांगू नकोस. दाजींना मला न्यायला पाठवू नकोस. सासूबाईंना घास भरवावा लागतो, आणि त्यांना आता दुसरं कोणी नाही.

गहू काढून झालाय. रानात पुढे काय पेरायचं, ते कुणाला विचारू?

तुझीच,
छाया