टेपचं दुसरं टोक

ती. बाबा,

लांबूनच पाया पडतो. आईला एवढंच वाचून दाखवा: तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर मिळतं, तिने विणलेला स्वेटर अंगात आहे. तिचा गुडघा काय म्हणतो? पुढचं तुमच्यापुरतं.

चाळीस वर्षांचा सरहद्दीचा वाद मिटवायला दोन्हीकडून एक नियम ठरला होता. टेपचं एक टोक मी धरायचं, दुसरं पलीकडच्या मोजणीदाराने, आणि आकड्याखाली दोघांच्या सह्या. ते मोजणीदार तुमच्याच वयाचे आणि तुमच्याइतकेच तिरसट. टेप नीट ताणली की दोन झटके द्यायचे, मग मी आकडा वाचायचा. मी ढिला पडलो की ओरडायचे, "सासुरवाडीला आलायस का? ओढ जरा!" असं भांडत-हसत आम्ही विहिरीपर्यंत पोहोचलो होतो.

मंगळवारी विहिरीपाशी गोळी आली. कुठल्या बाजूने, ते कोणी सांगत नाही. मी झटक्यांची वाट बघत होतो, तेवढ्यात टेप एकदम सैल पडली.

आता ते टोक खुंटीला बांधून काम चालू आहे. आकडे बरोबर येतात. साहेब म्हणतात, त्यांच्या सहीच्या जागी 'गैरहजर' लिही आणि मोकळा हो.

बाबा, ते तर जागेवरच होते. चार दिवस झाले, मी ती जागा कोरीच ठेवली आहे. तुम्हीही जन्मभर जमिनी मोजल्यात. माझ्या जागी असता, तर काय लिहिलं असतंत?

तुमचा,
धाकटा