हॉलमधला मुका कॉम्प्युटर

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आवाज गेला! टीव्हीला जोडलेल्या ह्यांच्या लाडक्या कॉम्प्युटरचा. चित्र झकास — माणसं तोंडं हलवतात, दारं आपटतात, पण हॉलमध्ये चिडीचूप. हे म्हणाले, "किरकोळ आहे, बघतो." हे निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात किरकोळ असं काही उरलेलंच नाही.

शुक्रवार, ७

वायर बदलली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग नुसताच बंद ठेवला — "जरा निवू दे." स्पीकर तर इतक्या मायेने पुसले की माझ्या तापात माझं कपाळही कधी तसं पुसलं नव्हतं.

शनिवार, ८

आवाज नसताना हे लावतात काय, तर कोर्टाचा सिनेमा! एक वकील बोलतो, दुसरा बोलतो, न्यायाधीश चष्मा काढतो. मी म्हटलं, निदान मारामारीचा लावा, डोळ्यांना तरी काम. तर म्हणे, "तपासायला भरपूर संवाद लागतात." ऐकू येत नाहीत तर तपासता कसले, कपाळ? शेवटी मीच संवाद म्हणायला लागले. न्यायाधीशाने आरोपीला माळ्यावरचे डबे काढून द्यायची शिक्षा ठोठावली. हे हसले नाहीत, डबेही काढले नाहीत.

रविवार, ९

आज सगळी माणसं हिरवी झाली. न्यायाधीशसुद्धा. ह्यांनी दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि चहा निवायच्या आत माणसं परत माणसाच्या रंगाची! मग आवाजाचंच घोडं कुठे पेंड खातंय? "आवाज हा वेगळा विषय आहे," म्हणाले.

मंगळवार, ११

वरच्या मजल्यावर राहणारे भाऊजी — ह्यांचे थोरले भाऊ — गेल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन करून आले. पडद्याचं काहीतरी. डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलंय, दिवसरात्र. म्हणजे तोंड सदासर्वदा आमच्याच घराकडे, आणि आमच्याशी बोलणं बंद!

भांडण ह्याच कॉम्प्युटरवरून. गेल्या वर्षी भाऊजी जिन्यातून ओरडले, "सिनेमा तुझा आणि हादरे मला?" हे म्हणाले, "कानात बोळे घाल." झालं. तेव्हापासून सख्ख्या भावांत अबोला. मला फार लागतं ते. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं, आता जिन्यात समोरासमोर आली की दोघंही भिंतीचा रंग बघतात.

ह्यांना म्हटलं, एकदा बघून तरी या. "त्याने बोलावलंय का?" मग मी एकटीच डबा घेऊन वर गेले.

भाऊजी पलंगावर पालथे. एका डोळ्यावर पट्टी, खाली तोंड घालून. आणि पलंगाजवळच्या स्टुलावरच्या चिमुकल्या स्पीकरमधून — आमचा कोर्टाचा सिनेमा! खणखणीत!

मी जाऊबाईंना म्हटलं, "अहो, हा आवाज आमचा आहे."

"माहितेय. आपोआप लागतो. बंद कसा करणार? तुम्हाला वाटायचं, परत तक्रार केली." मग मला स्वयंपाकघरात ओढून हळूच, "ती साक्ष द्यायला येते ना, ती बाई दिसायला कशी आहे गं?"

मी बाईचं नाकडोळ्यांसकट वर्णन केलं. त्यांनी मला खुनी कोण ते सांगितलं. दोघींचं समाधान झालं.

बुधवार, १२

ह्यांना सांगितलं, आवाज वर जातोय. "अशक्य," म्हणाले आणि पुन्हा वायरींमध्ये शिरले. आज लावलंय काय — दोन म्हातारे आगगाडीच्या डब्यात बसून नुसते बोलतायत!

शुक्रवार, १४

माझी रड फोनवर ऐकून लेकीने बिनवायरचा स्पीकर पाठवला. हे बाजारात गेले होते, मीच जोडायला बसले. कॉम्प्युटरला तो काही केल्या सापडेना. मग पाठीमागे बटण दिसलं. दिवा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचं, तेव्हा कुठे कॉम्प्युटर त्याला ओळखतो. आणि आला की आवाज! भरभरून! मी एकटीच टाळ्या पिटल्या.

मग एकदम सुचलं. हा आपोआप जोडला जात नाही, तर मग भाऊजींकडचा तोही नसणार. वरचं बटण कुणी दाबलं?

शिवाय आवाज खाली आला म्हणजे वर बंद पडला असणार. भाऊजी नुसते पालथे, शांततेत. हे यायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवलं.

शनिवार, १५

जाऊबाई औषधं आणायला गेल्या होत्या, तेव्हा भाऊजींनाच विचारलं. फरशीकडे बघतच बोलले.

"घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. दार नुसतं लोटलेलं होतं. मला असं पडल्यापडल्या फक्त पाय दिसतात. आले, स्टुलापाशी थांबले, काहीतरी खुडबुड केली, गेले. त्याचे पाय मी ओळखणार नाही होय? मी झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने सिनेमा सुरू झाला."

मी डबा उचलून निघाले, तेव्हा म्हणाले, "मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस हं. आवाज दुरुस्त करून टाकेल तो."