सूनबाईकडे पाठवलेलं पाणी

चि. शेफाली,

मांजरी गावात आपल्या नळाला येणारं बोअरचं पाणी तपासायला तू बाटली दिलीस. सूनबाईच्या प्रयोगशाळेत गढूळ पाणी कसं पाठवायचं? म्हणून मी ते दुहेरी फडक्यातून गाळलं, उकळलं, निववलं आणि मगच भरलं. रिपोर्ट आला, ‘पिण्यास योग्य’. तुझे सासरे गल्लीभर पेढे वाटत सुटले!

आज अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, “आता पोरांचं पाणी उकळत नाही हो!” तिथंच सगळं कबूल केलं. त्यांनी हसत हसत गॅस पेटवला.

आता बाटली थेट नळाखाली भरलीय. हे पत्र काही टपालात टाकत नाही, पत्र आणि बाटली घेऊन मीच प्रयोगशाळेत येते. तिथं मात्र मला ओळख दाखवू नकोस.

तुझी सासू,
इंदुबाई