पाचव्या डिव्हिजनचा कैदी

॥ श्री ॥
अमरावती,
११ जून २००६

प्रिय मित्र शफीकमियाँ यास खुशालचा स. न. वि. वि.

तुला फोन करणं म्हणजे पिंजणयंत्राला श्लोक ऐकवणं. चाळीस वर्षं गाद्यांचा कापूस पिंजता पिंजता तुझे कान गेले आणि माझा घसा जायची वेळ आली. म्हणून हे पत्र. ते तरी तुझ्यावर ओरडणार नाही.

तू सोपवलेल्या कामाची हकीकत अशी. तुझ्या अम्मांचे पहिले यजमान फुरकान, फौजेत मोटार ब्रिगेडचे ड्रायव्हर, ८ एप्रिल १९४१ रोजी लिबियातल्या मेचिली या ठिकाणी बेपत्ता झाले, एवढं तुमच्याकडच्या सरकारी कागदात आहे. ते नेमके कोणत्या तारखेला वारले, हे अम्मांना हवं आहे. पासष्ट वर्षांनी का हवं, ते तू सांगत नाहीस. मीही विचारलं नाही. संस्कृतच्या मास्तराला गप्प बसण्याची सवय असते, वर्गात विद्यार्थीच नसतात.

वऱ्हाडात जर्मन वाचणारा मी एकटा, असं तू लोकांना सांगत फिरतोस. अरे, मी ती भाषा शिकलो ती त्यांनी लिहिलेली संस्कृतची व्याकरणं वाचायला. ‘धातू’ आणि ‘प्रत्यय’ यांचे जर्मन शब्द झोपेत सांगेन, पण ‘रणगाडा’ कोशात शोधावा लागतो. शिवाय मेचिली घेणाऱ्या डिव्हिजनचं नाव माझ्याकडच्या पुस्तकात ‘एकविसावी’ असं दिलेलं. महिनाभर मी एकविसावीचे कागद मागत राहिलो आणि जर्मनीतल्या दप्तरखान्याचे लोक नम्रपणे नाही म्हणत राहिले. शेवटी कळलं की एप्रिलात ती ‘पाचवी हलकी’ होती, नवं नाव तिला ऑगस्टात मिळालं. म्हणजे द्विजच की! मुंजीआधीचं नाव विचारावं हे मला सुचू नये?

आता तिच्या रोजनिशीच्या त्रेचाळीस पानांच्या छायाप्रती आल्या आहेत. वाळूची वादळं, पेट्रोल संपलेलं, तुकड्या वाट चुकून भलतीकडे गेलेल्या. हे विजयी सैन्य रोज सकाळी आधी स्वतःलाच शोधतं. मग आठ एप्रिल येते आणि मेचिली पडतं. पकडलेल्या मोटारींचे प्रकार लिहिले आहेत. माणसांचा नुसता आकडा आहे. मी हसलो होतो. पण मागच्या आठवड्यात आम्हा मास्तरांना दर्यापूरकडे शेतकऱ्यांच्या घरोघरी सरकारी पाहणीचे फॉर्म भरायला धाडलं. एका घरची बाई खाली मान घालून सांगत होती, आणि तिच्या कर्जापायी जीव दिलेल्या नवऱ्यासाठी माझ्या फॉर्मात एक चौकोन होता. त्यात मी बरोबरची खूण केली. त्यानंतर जर्मनांना हसायचं थांबवलं.

सार एवढंच, की मेचिलीचे हिंदी कैदी पुढे इटालियनांच्या ताब्यात गेले. फुरकान त्या दिवशी मेले, असं कुठेही दिसत नाही. कैद्यांची नोंद जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे असते. अम्मांच्या अंगठ्याचा अर्ज तिकडे गेला आहे. पण मग त्यांच्या मरणाची खबर तुमच्या घरी आणली कोणी?

अम्मांना दंडवत. लोभ चालू ठेव, खंड पडला तर मी समक्ष व्याकरण शिकवायला येईन.

तुझा,
खुशाल

७८६
अकोला,
२ जुलै २००६

पंडितजी खुशालराव यास शफीकचा सलाम, घरच्यांले दुवा.

तू दोन महिन्यात मेचिलीले पोचला. जर्मनायले रणगाडे घेऊनही तेवढाच वेळ लागला म्हणतात, म्हणून तुले माफ.

तारीख काहून पाहिजे ते आता सांगतो. मागच्या रमजानात अम्मानं मले जवळ बसवलं. फुरकान बडेअब्बा गेल्याची खबर १९४१ ले आली. त्यांचे धाकटे भाऊ हबीब, म्हणजे माझे अब्बा, त्यांच्याशी तिचा निकाह लागला २६ मार्च १९४३ ले. हे तुले ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते पुढचं. १९४६ ले चांदूर रेल्वेच्या एका लग्नात लढाईतून परत आलेला एक शिपाई तिले भेटला. तो बोलून गेला की फुरकानले त्यानं इटलीत तारेच्या आत पाहिलं होतं, चांगला चालता बोलता. कधी पाहिलं ते विचारायची तिची हिंमत झाली नाही. तेव्हापासून साठ वर्षं तिनं हे कोणाले सांगितलं नाही. मले सांगताना कानाशी येऊन वरडा लागलं, त्यामुळं साठ वर्षं दाबलेली गोष्ट पाच मिनिटात साऱ्या मोहल्ल्याले कळली. आता शेजारीण रोज विचारते, तारीख आली का.

अम्माचं म्हणणं असं, की वर गेल्यावर दोघं भाऊ समोर उभे राहतीन, मी कोणाकडं पाहू. बडेअब्बाची तारीख २६ मार्चच्या आधीची निघाली तर ती सुखानं डोळे मिटीन. नंतरची निघाली तर काय, ते तिनं सांगितलं नाही अन मी विचारलं नाही. डॉक्टर म्हणते दिवाळीपर्यंत दिवस निघतीन. चौऱ्याऐंशी झाले तिले.

खबर कोणी आणली विचारतो, तर तुझ्याच बाबांनी. तवा आपलं घर अंजनगावच्या खेड्यात, अन रामरावकाका शाळेचे मास्तर, टपालही तेच वाटत. अम्माले सारं आठवते. ऑगस्ट महिना, काका दारातच थांबले, आत आले नाही. हातात निळसर कार्ड, इंग्रजीसारखं छापलेलं, मधात पेनानं काही लिहिलेलं, अन एक कोपरा फाटलेला. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडतात, ते वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाही, हे तुले काय सांगू. काकांनी कार्ड उलटून पालटून पाहिलं, अन म्हणाले फुरकान गेला. तिथंच त्याचे तुकडे केले. रडले. मंग विहिरीवर जाऊन अंघोळ केली. इकडं बायांनी अम्माच्या बांगड्या फोडल्या. चाळिसावा झाल्यावर आमचं घर गाव सोडून अकोल्याले आलं.

धंद्याचं विचारू नको. लग्नाच्या गाद्या औंदा कोणी भरून नाही राहिलं, जुनाच कापूस पुन्हा पिंजून नेतात.

लोभ ठेवा लागते हे मले लिहाची गरज नाही, पण लिहिलं.

तुझा,
शफीक

॥ श्री ॥
अमरावती,
३ सप्टेंबर २००६

प्रिय शफीक, स. न. वि. वि.

जिनिव्हाचं उत्तर येऊन नऊ दिवस झाले. ते नऊ दिवस माझ्या कोशात, ‘म’ आणि ‘य’ यांच्यामध्ये दाबून ठेवलेलं होतं. आज काढलं. एकदम लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा ठेवून देईन.

फुरकान मेचिलीला पकडले गेले ते धडधाकट. इटलीतल्या छावणीत त्यांची नोंद झाली आणि जुलै १९४१ मध्ये त्यांच्या नावानं घरी कार्ड रवाना झालं. कैद्यांसाठी असं छापील कार्ड असे. त्यावर मजकूर एवढाच, की मी कैदेत आहे, माझी प्रकृती चांगली आहे. मधे पेनानं नाव. तेच ते निळसर कार्ड, शफीक. त्याचा कोपरा कोणी फाडला नव्हता. आगबोटीत किंवा टपालाच्या पोत्यात कुठेतरी फाटला असेल.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, इटालियन तर दूरच. मराठी उत्तम, मोडी झरझर वाचत, रूपावली तोंडपाठ. पण सगळ्या गावात शिकलेले ते एकटे. लोक दारात वाट बघत उभे असताना ‘मला हे वाचता येत नाही’ असं म्हणणं त्यांना जमलं नसणार. मी त्यांना दोष देताना जपून देतो आहे, कारण ते वाक्य मलाही जमत नाही. त्यांनी कोपरा वाचला. माणूस जिवंत असल्याची खबर हातात घेऊन ते दारात उभे होते, आणि ती त्यांनी फाडली.

आता तारीख. फुरकान छावणीच्या इस्पितळात फुफ्फुसाच्या रोगानं गेले, १९ जून १९४३ रोजी. निकाहानंतर पंच्याऐंशी दिवसांनी.

नऊ दिवसांत एक विचार रोज आला. त्रेचाळीसचा बेचाळीस करायला एक आकडा पुरे. तुला कळलं नसतं, अम्मांना तर नाहीच. लिहून पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. मग फाडून टाकलं. आमच्या घरात एक कार्ड फाडून झालं आहे, तेवढं फार झालं.

सांगायचं की नाही, हे तू ठरव. मी आजवर तुझ्यापेक्षा शहाणा असल्याचं सोंग केलं, ते इथे चालत नाही.

लोभ राहील का, हे या वेळी विचारतो आहे. नुसतं लिहीत नाही.

तुझा,
खुशाल

७८६
अकोला,
१६ सप्टेंबर २००६

खुशाल यास सलाम.

सांगितलं. आधी मौलानांकडं गेलो. ते म्हणाले, अजाणता झालेल्या गोष्टीचा तिच्यावर गुन्हा नाही, अन लेकरं हक्काचीच आहेत, मनात काही आणू नका. मले बरं वाटलं. छप्पन वर्षांचा होऊन मी हक्काचा ठरलो. अम्माले येऊन सांगितलं तर ती म्हणाली की मौलानाले तुझ्यासाठी विचारून आला, चांगलं केलं, आता माझं सांग.

मंग तारीख सांगितली. कार्डाचंही सांगितलं.  तिले पाणी दिलं, ते तसंच हातात धरून होती. मले वाटलं निकाहाचं काही म्हणीन. तिनं त्याचं नावच काढलं नाही. बोटं मोजत बसली. मंग मले जवळ ओढून विचारलं, की एप्रिल एक्केचाळीस ते जून त्रेचाळीस, दोन वर्षं दोन महिने तो तिथं होता, तर तिथं बाकीच्या पोरायले घरून पत्रं यायचे का?

मी म्हटलं, मले काय माहीत. ती म्हणाली, खुशालले विचार, त्याले सारं वाचता येते.

तुझ्या बाबांचंही मीच विचारलं, की रामरावकाकांले माफ केलं असं लिहू का. तर म्हणाली, लिहू नको. लिहिलं तर खुशाल आपण सुटलो असं समजीन. त्याले लिही, बुढी अजून विचार करून राहिली.

लोभाचं विचारलं तू. असा सवाल पुन्हा केला तर अमरावतीले येऊन मारीन.

तुझा,
शफीक

॥ श्री ॥
अमरावती,
२८ सप्टेंबर २००६

प्रिय शफीक, स. न. वि. वि.

सोबत आणखी दोन पानं आहेत. पहिलं अम्मांना वाचून दाखवायचं. दुसरं तुझ्यासाठी.

पहिलं पान

आदरणीय अम्मा, खुशालचा दंडवत. आपण विचारलंत त्याची चौकशी केली. लढाईच्या दिवसांत समुद्रावरचं टपाल बंद असे. त्या छावणीत कोणालाच घरची पत्रं येत नव्हती. फुरकानभाईंना ते ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी वाट पाहिली नसणार. तब्येतीला जपावं. आपला, खुशाल.

दुसरं पान

शफीक, पहिलं पान खोटं आहे. पत्रं येत होती. उशिरा, उघडून तपासलेली, पण येत होती. जिनिव्हाच्या उत्तराला एक पुरवणी जोडलेली होती, ती मी तुला कळवली नव्हती. फुरकान यांनी त्या कार्डानंतर घरी आणखी तीन पत्रं धाडली. तिन्ही ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत गेली. तुमचं घर अकोल्याला गेलं होतं, आणि बाबांची त्याच वर्षी दर्यापूरकडे बदली झाली होती, त्यामुळे गावात नवा मास्तर. त्याला तुम्ही कोण हेच माहीत नव्हतं. तिन्ही पत्रं छावणीत त्यांच्या हातात परत पडली. तिसरं जानेवारी त्रेचाळीसमध्ये.

बाबा न वाचता खरं समजून बोलले. मी नीट वाचून खोटं लिहितो आहे. दोघांत पापी कोण, हे धर्मशास्त्रात शोधायचा मला धीर नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला हे सांगायला मी जर्मन शिकलो नव्हतो.

तिला पहिलंच पान वाच. एवढा लोभ माझ्यावर कर.

खुशाल

७८६
अकोला,
८ ऑक्टोबर २००६

खुशाल यास सलाम.

पहिलंच पान वाचलं. तू सांगितलं तसं, मोठ्यानं, कुठंही न अडखळता. अम्मा रोजा सोडून बसली होती. शेवटपर्यंत ऐकलं. मंग म्हणाली, खुशालचं एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तर म्हणाली, पोरगा अकोल्यात तुझ्यासंगं शाळेत होता तवापासून पाहते त्याले, विहीर कुठं आहे विचारलं तर गंगेपासून सुरू करते. तो अर्ध्या पानात आटपते म्हणजे हे त्यानं पोटातून नाही लिहिलं. दुसरं काढ.

मी नाही म्हटलं. ती वरडली नाही. नुसता हात पुढं करून बसली. तिले वाचता येत नाही, खुशाल, तरी हात पुढं होता. मंग मी वाचलं. सारं वाचलं, तुझं पाप-बीपही.

तिनं विचारलं, तीन? मी म्हटलं, तीन. तिनं विचारलं, परत त्याच्याच हातात? मी म्हटलं, हो.

मले वाटलं आता पडते. नाही पडली. म्हणाली, बरं झालं सांगितलं. मी आजवर त्याच्यापुढं गुन्हेगार म्हणून मान खाली घालून उभी राहाची तयारी करून राहिली होती. आता तसं नुसतं उभं राहून नाही भागणार. त्याले वाटलं असीन आमी सारे त्याले विसरलो. वर गेल्यावर त्याले बसवून पहिल्यापासून सांगा लागीन, कार्ड कसं आलं, कोणी आणलं, आमी काय समजलो. कोणी मधात बोलू नये.

त्या सांगण्याची ती आता तयारी करते. दिवसभर ओठ हलतात. मधात थांबते, अन मले विचारते, तवा काकांच्या अंगात काय होतं, सदरा का बंडी, कार्ड डाव्या हातात होतं का उजव्या. मले काय माहीत? मी तवा जन्मलो नव्हतो. तूही नव्हता. पण बाप तुझा होता, त्यांचे हात तुले माहीत आहेत.

म्हणून तिनं तुले बोलावलं. ईदच्या आधी ये, डॉक्टरच्या बोलण्यावर फार भरवसा नाही. माफी भेटीन असं समजून येऊ नको, तिनं तसं काही म्हटलं नाही. रामराव मास्तर कसे उभे राहत, कसे बोलत, ते तिच्यापुढं उभं राहून दाखवा लागीन. ये.

लोभ आहेच. पण आता तो कागदावर नको.

शफीक