चुकलेली टपली

सोमवार, १० मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. मनगट कसं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटत असेल, पण विणायची सुई वगैरे आत घालू नकोस. आई आजूबाजूला नसली की तू घालणार, हे मला माहीत आहे.

फोन सोडून ब्रेलमध्ये काय लिहितेय, असं वाटलं असेल तुला. साधं पत्र आईनंच वाचून दाखवलं असतं. आणि फोनवर तू मध्येच काही बोललास की माझी वाचा बसते. म्हणून सकाळपासून पाटीवर टोचत बसलेय. अंगठा सुजलाय, पण ते असो.

इकडची, शिबिरातली खबरबात सांगते. संघ नऊ दिवसांनी निघणार, त्यामुळे सगळ्यांची डोकी तापलेली आहेत. पहाटे साडेपाचला पाण्यात, दहाला जिम, दुपारची झोप सक्तीची. ट्रायथलॉनची मंडळी आपल्या आधी तलाव अडवतात आणि ओल्या अंगानंच सायकलींकडे पळतात, त्यामुळे कॉरिडॉरभर पाणी. आचाऱ्यानं आठवड्यात चौथ्यांदा उकडलेली अंडी दिली, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं अंड्यावर त्याचाच चेहरा काढून ते परत पाठवलं. सर सुद्धा हसले. तेवढंच काय ते हसणं.

माझं म्हणशील तर चाललंय. परवा बेंचला अडखळून नडगी सोलली. स्कूटर वापरणं बंद केलंय. जेवणघरात पाणी ओतताना दोनदा ग्लासाच्या बाहेर ओतलं, तर फिजिओबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" मी म्हटलं, प्रेमात पडलेय. त्यांना ते खरं वाटलं.

टिल्लू, मी उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. आता लिहिते.

निवड चाचणीच्या दिवशी मी तुला टपली दिलीच नाही.

उशिरा नाही, हलकी नाही. दिलीच नाही. चौथ्या लेनच्या टोकाशी मी काठी घेऊन उभी होते, नेहमीसारखी, भिंत जवळ आली की तुझ्या डोक्याला स्पंज टेकवायला. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडला होता. तू त्यात शिरलास आणि मला परत दिसलाच नाहीस. मी मान फिरवून शोधत होते. पाचवी लेन दिसली, दोरी दिसली, तू नाही. मग तुझा हात भिंतीवर आदळल्याचा आवाज आला.

समितीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी वेळेवर दिली होती. त्याला कळली नसावी." त्या टोकाला कॅमेरा नव्हता. पंच भिंतीकडे बघत होते, काठीकडे कोण बघतो? सरांनी अहवालात लिहिलं की हा दडपणाखाली मोजणं सोडतो, भरवशाचा नाही. शिबिरातून तुझं नाव गेलं ते त्या ओळीमुळे. मनगट मोडल्यामुळे फक्त ही स्पर्धा गेली असती.

आणि तू दवाखान्यात मला म्हणालास, "ताई, चुकलं माझं. तुझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं मी." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. नाही सांगितलं.

माझे डोळे जातायत. दीड वर्ष झालं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग अंधारातलं, आता ऊन आलं की सगळं पांढरं होतं. गेल्या पावसाळ्यात तुझ्याच डॉक्टरांकडे गेले होते. तुला आहे तेच, मला उशिरा आलेलं. त्यांनी काठी धरू नको म्हणून बजावलं होतं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर हजर झाले.

का, ते मला नीट सांगता येत नाही. तू नऊ वर्षांचा असताना मी केरसुणीच्या दांड्याला स्पंजचा गोळा बांधला, तेव्हापासून मी तुझी टपलीवाली. नोकरी सोडली, ती त्यासाठीच. काठी गेली की मी कोण, असं वाटायचं. पण एवढंच असतं तर बरं झालं असतं. खरी गोष्ट आणखी जुनी आहे. डॉक्टरांनी आपल्या दोघांना पहिल्यांदा तपासलं तेव्हा ते आईला म्हणाले, "मुलगी ठीक आहे." तू शेजारीच स्टुलावर पाय हलवत बसला होतास. आणि मला आनंद झाला, टिल्लू. इतका की मला रडू आलं. आईला वाटलं, मी तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासारखं होण्याची मला तेव्हापासून भीती आहे. आयुष्यभर तुझ्या शेजारी उभी राहून मी तिला माया म्हणत आले.

आता हे सगळं का लिहितेय, तर शनिवारी काय झालं ते ऐक. तू गेल्यावर सरांनी मला चिमणीच्या लेनवर ठेवलं. एकोणीस वर्षांची आहे, भारी जोरात येते. मी टपली मारली, ती दोरीला लागली. तिचं कपाळ भिंतीवर फुटलं. तीन टाके. पट्टी बांधून घेताना ती मला म्हणाली, "ताई, माझंच मोजायला चुकलं असेल."

तुझेच शब्द. त्यापुढे मला तिथं उभं राहता येईना. तशीच सरांच्या खोलीत गेले.

सर वेळा लिहीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"दीड वर्ष."

"आणि तू रोज काठी धरत होतीस."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं.

"त्या पोरीची मान मोडली असती तर?" आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "संघाची यादी गेली, ती आता बदलत नाही. त्याचं शिबिरातलं नाव परत घालायला मी पत्र लिहीन. माझंही चुकलं, मी त्याचं ऐकून घ्यायला हवं होतं. पण त्याला सांगणार तू."

ओळखपत्र टेबलावर ठेवून मी बाहेर आले. चिमणीसाठी दुसरा माणूस आला, धडधाकट डोळ्यांचा. मी रविवारी घरी येतेय. तू नको म्हणालास तर येणार नाही, मावशीकडे जाईन. आईला अजून काहीच माहीत नाही.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तेवढे ठिपके टोचवेनात. मला तो हक्क उरलाय असं वाटत नाही.

तुझी
ताई

•

शुक्रवार, १४ मार्च

ताई,

डाव्या हातानं टोचतोय, म्हणून थोडक्यात. चुका असतील, लावून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईनं विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, अंड्यांबद्दल लिहिलंय.

भिंतीच्या आधी माझे छत्तीस हात झाले होते, टपली येते तितकेच. मी बरोबर मोजले होते. पाच आठवडे मी ते रोज पुन्हा मोजले, अंथरुणात, हवेत. दर वेळी छत्तीस. पण ताई म्हणते टपली दिली, म्हणजे माझंच मोजणं खोटं. त्यानंतर मी आपल्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा दोनदा मोजायला लागलो. दुकानापर्यंत जायचं सोडलं. आई म्हणते हा खचलाय. खचलो नव्हतो. मोजण्याशिवाय माझ्याकडे काय आहे सांग? तेच तू काढून घेतलंस. मनगटाचं मला काही नाही, ते जुळेल.

सरांचा काल फोन आला. जूनपासून ये म्हणाले, दुसरा टपलीवाला देतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या मोठ्या स्पर्धेला मी सत्तावीस वर्षांचा असेन. आणि काठी कुणाच्याही हातात असली तरी शेवटचे पाच हात मी आता जोरात मारू शकेन का, ते माहीत नाही.

स्टुलावरची गोष्ट तू लिहायला नको होतीस. पण लिहिलीस ते खरं लिहिलंस. तुझे डोळे जाणार हे तू असं कळवलंयस, जसं कुणी गेल्याची तार यावी. मी तिथंच राहतो, ताई. सतरा वर्षं झाली. जेवतो, भांडतो, दाढी करतो.

रविवारी ये. मावशीकडे जाऊ नकोस, तिथला जिना वाईट आहे. आईला मात्र तूच सांगायचं, मी शेजारी बसेन पण बोलणार नाही. आणि ब्रेल तू आजवर डोळ्यांनी वाचत आलीस. बोटांनी शिकावं लागेल. सावकाश येतं. मी शिकवीन, पण इतक्यात माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस.

मोठ्यांना लिहायचा नमस्कार या पत्रात लिहवत नाहीये. कधी लिहवला तर लिहीन.

तुझा धाकटा भाऊ