मी डावरी नव्हते

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळच्या एसटीने सांगलीला गेले, दुपारी मलकापूरला परत आले. बरोबर खालच्या मजल्यावरची सून आणि तिचं बाळ होतं. बाळाला डॉक्टरांना दाखवलं. परत येताना बसायला जागा मिळाली. घरी येऊन सकाळचा भात गरम करून खाल्ला.

आई, तू गेल्यापासून मी तुला काही लिहिलं नाही. तू असतानाही आपण दोघी फार बोलायचो नाही. पण आज एक गोष्ट झाली आहे आणि ती आधी तुलाच सांगायला हवी, म्हणून बसले आहे.

हे बाळ अजून वर्षाचं झालेलं नाही. हसरं आहे. चटईवर बसवलं की समोरचं सगळं डाव्या हाताने ओढून घेतं. उजवा हात कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं होतं, पण लोकांच्या लेकराबद्दल असं एकदम कसं बोलायचं, म्हणून गप्प होते. मग गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर बाळाच्या डाव्या हाताला पायमोजा घालून तो मनगटाशी दोऱ्याने बांधला होता. बाळ रडून दमलं होतं. सुनेची सासू जतकडची, मोकळ्या स्वभावाची बाई आहे. म्हणाली, "आवं, डावरं निगालंय पोरगं. आत्ताच वळण लावलं तर लागतंय, न्हाईतर जलमभर डाव्या हातानं जेवंल."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला आपलं पाटणचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी तीन-चार वर्षांची असेन. पाटावर बसले आहे, आणि तू माझा डावा हात जुन्या परकराच्या नाडीने कमरेशी बांधला आहेस. पुढ्यात वरणभात आहे. "ह्या हातानं खा. खा म्हणते न्हवं." मी उजवा हात उचलते, तो भलतीकडेच जातो, बोटं उघडत नाहीत, भात मांडीवर सांडतो. तू पळी ताटावर आपटतेस. "लय हट्टी हाय ही कार्टी." मी डावरी आहे असं आत्याने ठरवलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं. डाव्या हाताने जेवणारी मुलगी उद्या सासरच्या पंगतीत कशी बसणार, हा तुला घोर. मला चालायला उशीर झाला होता, उजवी टाच टेकत नव्हती, त्याचं कारण मात्र पाळण्यातून पडले असं धरलं होतं. हात वेगळा आणि पाय वेगळा. दोन्हींचं मूळ एकच असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मामाने आपल्याला सांगलीला नेलं ते पायासाठी. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मग न विचारता माझा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बाजूने हळूहळू मूठ उघडली. तुला विचारलं, "जन्मल्यावर लगेच रडली होती का?" तू म्हणालीस, "उशिरा रडली." त्यांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं आणि मग साध्या शब्दांत समजावलं. मेंदूचा एक भाग जन्माच्या वेळी दुखावला आहे. हाता-पायात दोष नाही, त्यांना मेंदूकडून हुकूम नीट पोहोचत नाही. ही इजा वाढणार नाही, पण औषधाने जाणारही नाही. व्यायाम करत राहायचा. तू सगळं ऐकलंस आणि एवढंच विचारलंस, "मग ही डावरी न्हाई?"

"नाही हो. उजवा हात ऐकत नाही, म्हणून ती डाव्याने भागवते. हुशार आहे."

येताना एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. ती नाडी मला पुन्हा कधी दिसली नाही. त्यानंतर रोज सकाळी कोमट तेल, एकेक बोट उघडणं, टाच दाबून धरणं. मी ओरडायचे, तू सोडायची नाहीस. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी मला म्हणालं, "उजवा हात कर गं पुढं." तेव्हा तू मागून म्हणालीस, "तिला जो जमतो तो तिचा उजवा. घाला त्यातच तिळगूळ." बायका हसल्या. तू हसली नाहीस. बांधलेल्या हाताबद्दल मात्र तू कधीच काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. दोघींना आठवत होतं, एवढं मला माहीत आहे.

आता माझं म्हणशील तर चाललं आहे. वय झालं तशी टाच जास्त ओढते, थंडीत मूठ घट्ट होते, जिना उतरायला कठडा लागतो. जांभई आली की उजवा हात अजूनही आपोआप वर उठतो. ऑफिसात सगळे म्हणायचे, "मॅडमना काहीतरी शंका आहे, आधी त्यांचं ऐका." मीही हसायचे. खरंच गमतीचं दिसत असणार.

तर त्या दिवशी मी उंबऱ्यातूनच त्या सासूला म्हणाले, "तो मोजा काढा. बाळ डावरं नाही. या वयात मुलं दोन्ही हात वापरतात. त्याला सांगलीला दाखवा." तिचा चेहराच बदलला. "तुमचा हात तसा, म्हणून तुमास्नी समदीकडं तसलंच दिसतंय." मी विरजण न घेता वर आले. संध्याकाळी सून बाळाला घेऊन आली. दारातच म्हणाली, "काकू, खरं सांगा, घाबरू नका." घाबरली होती ती स्वतः. मी बाळाची मूठ अंगठ्याकडून उघडून तिला दाखवली, मग माझी दाखवली.

आज डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. नंतर व्यायाम घेणाऱ्या मुलीकडे पाठवलं. तिने काय केलं असेल? बाळाच्या डाव्या हातात मऊ कापडाची पिशवी घातली. मी खुर्चीतून उठलेच. पण तिने साबणाचे फुगे सोडले, आणि बाळ उजव्या मुठीने ते फोडायला लागलं, चुकायला लागलं, खिदळायला लागलं. ती म्हणाली, "रोज थोडाच वेळ, खेळताना. कंटाळला की काढायचं. जेवताना कधीच नाही." म्हणजे तू केलंस ते अगदीच भलतं नव्हतं. फरक इतकाच की त्या मुलीला माहीत आहे, हात ऐकत नाही. तुला वाटत होतं, मी ऐकत नाही.

परतीच्या बसमध्ये बाळ झोपलं. मग सुनेने विचारलं, "काकू, तुमच्या आईला कवा कळलं?" मी म्हणाले, "लगेच. तिनंच पहिल्यांदा ओळखलं."

का म्हणाले, कुणास ठाऊक. परक्या माणसासमोर तुला नाव ठेवायला जीभ उचलली नाही. तिला धीर येईल असंही वाटलं असेल. ती बाळाकडे बघत म्हणाली, "आन् मी आईच असून मोजा बांधू देत हुते बघा." आणि पदराने तोंड झाकून घेतलं. कराड येईपर्यंत तिने पदर काढला नाही. मला तेव्हाच बोलता आलं असतं. बसमध्ये माणसं होती.

उद्या सकाळी खाली जाऊन तिला खरं सांगणार आहे. माझ्या आईलाही कळलं नव्हतं, तिनेही बांधला होता, आणि नंतर तिनेच वर्षानुवर्षं तेल लावलं, हे सगळं. तुझं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या माघारी परस्पर सांगायला नको, म्हणून हे लिहिलं. हा कागद कुठे जायचा नाही, तरी लिहिला. तुझ्यावरचा राग पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. जेवताना कधी कधी अजून येतो.

गच्चीवरची चादर वाळली होती, ती काढून आणली. एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं उजव्या कोपराखाली दाबलं आणि डाव्या हाताने घडी घातली. जरा वाकडी झाली. पुन्हा उलगडून घातली.